परदेशातून घरी येताना : खाण्याचे काय आणावे, लागवडीचे काय आणू नये



खानदेशातील शेतकरी कुटुंबाचा परदेशाशी येणारा संबंध आता नवा राहिलेला नाही. रावेर-यावल, चोपडा, शिरपूर, साक्री या भागांतील अनेक घरांतली मुले-मुली शिक्षण किंवा नोकरीनिमित्त परदेशात आहेत. आई-वडील नातवंडांना भेटायला जातात, काही जण हज किंवा उमरा करून येतात, तर काही प्रगतशील शेतकरी अभ्यासदौऱ्यात इस्राएल, हॉलंड यांसारखे देश पाहून येतात. परतताना बॅगेत चॉकलेट, खजूर, सुकामेवा असतोच. त्याबरोबर कधी एखादे सुंदर फळ, भाजीच्या बियांचे पाकीट, तर कधी ओल्या कापडात गुंडाळलेला कंदसुद्धा असतो. "एवढ्याशा वस्तूने काय बिघडणार?" असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु विमानतळावर नेमके याच वस्तूला अडवतात आणि अडवण्यामागचे कारण न समजल्याने माणूस नाराज होतो.

हे नियम पैशासाठी किंवा प्रवाशाला त्रास देण्यासाठी केलेले नाहीत. किती किमतीचा माल आणला तर जकात भरावी लागते, हा विषय वेगळा आहे. प्रस्तुत लेखात आपण फक्त खाद्यपदार्थ, फळे, बियाणे आणि रोपे यांविषयीचे नियम पाहू. एक सूत्र ध्यानात ठेवले तर ते समजायला सोपे जातात : वस्तू पोटात जाऊन संपणार की जमिनीत जाऊन वाढणार, आणि तिच्यातून कीड किंवा रोग जिवंत येऊ शकतो की नाही?

कायद्याची सुरुवात कापसापासून

आपल्या देशात या प्रकारच्या बंदोबस्ताची सुरुवात खानदेशाच्या जिव्हाळ्याच्या पिकापासून, म्हणजे कापसापासून झाली. मेक्सिकोतील बोल वीव्हिल नावाचा बोंडावरचा सोंडकिडा १८९२च्या सुमारास अमेरिकेच्या टेक्सास राज्यात शिरला. पुढील तीस वर्षांत त्याने दक्षिण अमेरिकी संस्थानांतील कापूस उत्पादकांना देशोधडीला लावले. ही कीड अमेरिकन कापसाच्या गाठींतून आपल्याकडे येऊ नये म्हणून १९०६ मध्ये आयात कापसाच्या गाठींना विषारी धुरी देणे सक्तीचे झाले. त्यानंतर १९१४ मध्ये विध्वंसक कीटक व कीड कायदा झाला. आजही वनस्पती आयातीचे सर्व नियम याच कायद्याच्या आधाराने होतात. सध्या लागू असलेला वनस्पती संगरोध आदेश २००३ सालचा असून तो १ जानेवारी २००४ पासून अमलात आला. संगरोध म्हणजे बाहेरून आलेली वस्तू तपासून, गरज पडल्यास वेगळी ठेवून, मगच आत सोडणे. यालाच आपण क्वारंटाइन म्हणतो.

आपल्या कपाशीवर गुलाबी बोंडअळी आहे, तुडतुडे आहेत, पांढरी माशी आहे. पण हा सोंडकिडा भारतात स्थिरावलेला नाही. जी कीड आलीच नाही तिच्यावरचा फवारणीचा खर्च कोणाच्या वहीत दिसत नाही. म्हणून अशा बंदोबस्ताचे महत्त्व लवकर पटत नाही.

केळीचे फळ आणि केळीचा कंद

खाण्याची वस्तू आणि लागवडीची वस्तू यांतील फरक केळीवरून चांगला समजतो. केळीवरील पर्णगुच्छ, म्हणजेच बंची टॉप, हा विषाणूजन्य रोग आहे. रोगट झाडाची पाने अरुंद, आखूड व ताठ होऊन शेंड्याला गुच्छासारखी जमतात. अशा झाडाला घड पडत नाही, आणि पडलाच तर तो विक्रीच्या लायकीचा नसतो. ऑस्ट्रेलियात विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात हा रोग बाहेरून आणलेल्या लागवड साहित्यातून शिरला आणि १९२५च्या सुमारास तेथील न्यू साउथ वेल्सच्या उत्तर भागातील केळी धंदा जवळजवळ कोलमडला. आपल्या देशात तो १९४०च्या सुमारास श्रीलंकेतून केरळात आला. पुढे तामिळनाडूच्या डोंगराळ भागातील प्रसिद्ध विरुपाक्षी केळीच्या बागा याच रोगाने उद्ध्वस्त केल्या.

बागेतल्या बागेत हा विषाणू काळ्या माव्यामार्फत पसरतो. मात्र एका देशातून दुसऱ्या देशात किंवा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात तो जातो तो मुख्यतः रोगट मुनवे व कंद यांमधून. मुनवा वरून निरोगी दिसत असला तरी त्याच्या आत विषाणू असू शकतो. म्हणूनच केंद्र शासनाने १९५९ मध्ये आसाम, केरळ, ओरिसा, पश्चिम बंगाल व तामिळनाडू येथून केळीची झाडे व त्यांचे भाग इतर राज्यांत नेण्यास बंदी घातली. या बंदीतून फळ मात्र वगळले होते.

युरोपीय संघाचा नियमही याच धर्तीचा आहे. डिसेंबर २०१९ पासून तेथे प्रवाशाला बहुतेक ताजी फळे व भाज्या नेण्यासाठी वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. त्यातून फक्त पाच फळे वगळली आहेत : अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर. म्हणजे जळगावचे केळे तिकडे फळ म्हणून चालते. पण त्याच केळीचा मुनवा कोणताही देश बॅगेतून आत घेणार नाही.

बुटाला लागलेली माती

केळीवरचा दुसरा मोठा धोका फ्युजारियम मर रोगाचा आहे. या बुरशीचा टीआर-४ हा प्रकार ग्रँड नैनसारख्या कॅव्हेंडिश गटातील वाणांनाही बळी घेतो. तैवानमध्ये १९६७ साली प्रथम आढळलेला हा रोग २०१३ मध्ये जॉर्डन व मोझांबिकमध्ये, तर २०१९ मध्ये कोलंबियात जाऊन पोहोचला. आपल्या देशातही बिहार व उत्तर प्रदेशातील बागांत तो आढळून आला आहे. बुरशीचे बीजाणू झाड नसतानाही जमिनीत अनेक वर्षे, कित्येकदा दशके, जिवंत राहतात. एकदा जमिनीत शिरल्यावर तिचा नायनाट करणारे औषध आज उपलब्ध नाही.

हा रोग मुनव्यांतून जातो, तसाच मातीतूनही जातो. बुटाच्या तळाला, विळ्या-कोयत्याला, ट्रॅक्टरच्या चाकाला लागलेली थोडीशी मातीही पुरेशी असते. वनस्पती संगरोध आदेशानुसार परदेशातून माती आणण्यास मनाई आहे. रोपाच्या मुळाशी लागून येणारी मातीही या मनाईत येते. गवत, पेंढा यांत गुंडाळून वस्तू आणणेही चालत नाही. म्हणून परदेशातील केळीबाग पाहायला गेलेल्या शेतकऱ्याने शेतात घातलेले बूट तेथेच घासून, धुऊन, वाळवून मगच बॅगेत ठेवावेत. शक्य असल्यास ते तेथेच टाकून यावे. जळगाव जिल्ह्याच्या ज्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तिचे नुकसान एका जोडी बुटानेही होऊ शकते.

बाहेरून आलेले पाहुणे

बाहेरून आलेली कीड किंवा तण किती महाग पडते, याची काही उदाहरणे आपल्या समोरच आहेत.

गाजर गवत : हे तण १९५०च्या दशकाच्या मध्यास पुण्यात प्रथम नजरेत आले. आयात धान्यातून त्याचे बी आले असे सर्वसाधारणपणे मानतात. आज खानदेशात बांध, पडीक जमीन आणि रस्त्याची कडा त्याच्यावाचून मोकळी नाही.

टोमॅटोवरील नागअळी, म्हणजे टुटा ॲब्सोल्युटा : मूळची दक्षिण अमेरिकेतील ही कीड भारतात २०१४ मध्ये पुणे भागात प्रथम आढळली.

पपईवरील पिठ्या ढेकूण : मेक्सिकोकडील ही कीड २००८ मध्ये कोइंबतूरला दिसली आणि लवकरच महाराष्ट्रातील बागांतही पोहोचली. धुळे-नंदुरबारच्या पपई उत्पादकांना तिची वेगळी ओळख करून देण्याची गरज नाही.

मक्यावरील अमेरिकन लष्करी अळी : मे २०१८ मध्ये कर्नाटकात आढळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात आली.

या सर्व किडी प्रवाशांच्या बॅगेतूनच आल्या असे म्हणणे चुकीचे ठरेल. लष्करी अळीचा पतंग लांबवर उडतो, तर काही किडी व्यापारी मालातून येतात. पण वारा आपण अडवू शकत नाही, बॅग मात्र आपल्या हातात आहे.

परदेशातील जिवंत वस्तू कधीच आणू नये असाही कायदा नाही. गाजर गवत खाणारा मेक्सिकन भुंगा १९८३ मध्ये मेक्सिकोहून बंगलोरला आणला गेला. तो इतर पिके खात नाही याची चाचणी झाल्यानंतर १९८४ मध्ये सोडण्यात आला. पपईवरील पिठ्या ढेकणाचा परोपजीवी मित्रकीटकही २०१० मध्ये पोर्टो रिकोहून रीतसर परवानगीने आणला आणि त्याने त्या किडीला चांगला आळा घातला. आणणे हा गुन्हा नसून न तपासता आणणे हा धोका आहे.

प्रत्यक्ष नियम काय आहेत?

भारतात परत येणाऱ्या प्रवाशाने वस्तूंचे पुढीलप्रमाणे गट पाडावेत.

१) शिजवलेले, भाजलेले, डबाबंद पदार्थ : बिस्किटे, कॉफी पावडर, जॅम, भाजलेला व खारवलेला सुकामेवा अशा प्रक्रिया केलेल्या पदार्थांत कीड किंवा रोग जिवंत राहण्याचा संभव फार कमी असतो. घरच्या वापरापुरते, कंपनीच्या मूळ बंद पाकिटात, घटकांची नावे छापलेले पदार्थ आणावेत. खजूर व न भाजलेला सुकामेवा सुटा आणू नये. पाकिटात भोके, जाळी किंवा भुसा दिसल्यास तो तेथेच टाकावा.

२) ताजी फळे व भाज्या : यांत फळमाशीच्या अळ्या, खवले कीड, पिठ्या ढेकूण लपून येतात. आणू नयेत हे उत्तम. आणलीच तर अधिकाऱ्यास सांगून तपासून घ्यावीत. फळ खाऊन त्याची कोय किंवा बी परसात लावण्याचा मोह टाळावा, कारण त्या क्षणी खाण्याची वस्तू लागवडीची वस्तू होते.

३) बियाणे, रोपे, कलमे, डोळकाड्या, कंद, मुनवे : यांना दोन कागद लागतात. पहिला, भारत सरकारचा आयात परवाना, आणि तो प्रवासाला निघण्यापूर्वीच घ्यावा लागतो. दुसरा, ज्या देशातून वस्तू निघते तेथील सरकारी खात्याचे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र. दुकानातून घेतलेले रंगीत, छापील बियाण्याचे पाकीटही या नियमातून सुटत नाही. दुकानाची पावती म्हणजे आरोग्य प्रमाणपत्र नव्हे. केळी, ऊस, नारळ, बटाटा यांसारख्या पिकांच्या लागवड साहित्याला आणखी कडक अटी आहेत. जनुकीय बदल केलेल्या बियाण्याला पर्यावरण कायद्याखालील १९८९च्या नियमांप्रमाणे स्वतंत्र मंजुरी लागते.

४) मांस व दुधाचे पदार्थ : यांना पशुधन आयात कायदा, १८९८ लागू आहे. पशुसंवर्धन खात्याच्या परवान्याशिवाय ते आणता येत नाहीत. लाळ्या-खुरकूतसारखे जनावरांचे रोग अशा पदार्थांतून प्रवास करू शकतात. वराहांचा आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा रोग २०२० मध्ये ईशान्य भारतात शिरला. त्याचा विषाणू खारवलेल्या मांसातही दीर्घकाळ टिकतो. चीनमधील दूध, दुधाचे पदार्थ व दूध असलेली चॉकलेटे यांवर भेसळीच्या कारणावरून २००८ मध्ये बंदी घालण्यात आली आणि २०१९ मध्ये ती पुढे वाढवण्यात आली.

५) टपालाने येणारी वस्तू : टपाल व कुरिअरलाही हेच नियम आहेत. मुलाने तिकडून बियाणे पाठवले म्हणून ते कायदेशीर होत नाही. २०२० मध्ये अनेक देशांत लोकांना न मागवलेल्या बियांची पाकिटे टपालाने येऊ लागली, तेव्हा केंद्रीय कृषी मंत्रालयानेही सावधगिरीचा इशारा दिला होता. असे पाकीट घरी आल्यास ते उघडू नये, पेरू नये, उकिरड्यावरही टाकू नये. कृषी अधिकाऱ्याकडे द्यावे.

विमानतळावर काय करावे?

सामान घेतल्यानंतर बाहेर पडण्याचे दोन मार्ग असतात. हिरवा मार्ग सांगण्यासारखे काही नसलेल्यांसाठी, तर लाल मार्ग काही जाहीर करायचे असलेल्यांसाठी असतो. बियाणे, रोपे, ताजी फळे, मांस किंवा दुधाचे पदार्थ जवळ असतील तर लाल मार्गाने जावे आणि आपण होऊन सांगावे. जाहीर केलेली वस्तू नियमात बसत नसेल तर बहुधा ती ठेवून घेऊन नष्ट केली जाते आणि विषय तेथेच संपतो. लपवलेली वस्तू क्ष-किरण तपासणीत सापडली तर ती जप्त होतेच, शिवाय सीमाशुल्क कायद्याखाली कारवाईही होऊ शकते. एखादी वस्तू चालते की नाही अशी शंका असेल तर ती सांगावी लागते, असे समजावे.

नवा वाण हवाच असेल तर

परदेशातील वाण पाहून आपल्या शेतात तो असावा असे वाटणे गैर नाही. खानदेशाची आजची केळीच पाहा. ग्रँड नैन हा वाण मूळचा परदेशी आहे. पण १९९०च्या दशकापासून जळगाव भागात तो पसरला तो ऊतिसंवर्धित रोपांच्या रूपाने, कोणाच्या पिशवीतल्या मुनव्यांतून नव्हे. प्रयोगशाळेत वाढवलेल्या रोपाबरोबर माती, सूत्रकृमी व सोंडकिडा येत नाही. विषाणू मात्र ऊतिसंवर्धनातूनही येऊ शकतो, म्हणून मातृवृक्षाची विषाणू तपासणी आवश्यक असते. त्यासाठीच २००६ पासून देशात ऊतिसंवर्धित रोपांच्या प्रमाणीकरणाची राष्ट्रीय पद्धत सुरू झाली. रोपे घेताना प्रमाणित प्रयोगशाळेचीच घ्यावीत, हा नियम परदेशी वाणाइतकाच गावातल्या रोपवाटिकेलाही लागू आहे.

एखादा वाण उपयुक्त वाटल्यास त्याचे नाव, तेथील संशोधन संस्था, हवामान व पिकाची माहिती लिहून आणावी, छायाचित्रे आणावीत आणि ती केळी संशोधन केंद्र, जळगाव येथे किंवा कृषी महाविद्यालय, धुळे येथे द्यावीत. संशोधनासाठी वाण आणण्याचे काम नवी दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती अनुवंश संसाधन ब्यूरोमार्फत होते. तेथे आलेला नमुना तपासून मगच पुढे दिला जातो. वेळ लागतो, पण वाणाबरोबर रोग येत नाही.

जाताना नेण्याच्या वस्तू

आपण जसे बाहेरच्या किडीला भितो, तसे इतर देश आपल्या किडीला भितात. आपल्या कोठारातील खापरा भुंगेरा त्याचे उत्तम उदाहरण आहे. याच्या केसाळ अळ्या पोत्याच्या शिवणीत व भिंतीच्या फटीत अन्नावाचून दीर्घकाळ राहतात. १९५३ मध्ये ही कीड कॅलिफोर्नियात सापडल्यावर तिच्या निर्मूलनाची मोहीम १९६६ पर्यंत चालवावी लागली. म्हणून भारतातून जाणाऱ्या प्रवाशाला अमेरिकेत बॅगेतून तांदूळ व हरभरा नेता येत नाही.

आंब्याचेही तसेच आहे. कोयीतील सोंडकिड्याच्या भीतीने अमेरिकेची दारे आपल्या आंब्याला बंद होती. नाशिक जिल्ह्यात लासलगाव येथे विकिरण प्रक्रियेची सोय झाली आणि २००७ मध्ये ती उघडली. प्रक्रिया न झालेला घरचा आंबा मात्र आजही बॅगेतून नेता येत नाही. युरोपीय संघाने फळमाशी व इतर किडी आढळल्याने १ मे २०१४ पासून भारतीय आंबा, वांगी, कारली, पडवळ व अळू यांची आयात थांबवली होती. आंब्यावरील बंदी जानेवारी २०१५ मध्ये उठली. काही खोक्यांतील अळ्यांमुळे साऱ्या देशाचा शेतमाल अडून राहिला, हे निर्यात करू पाहणाऱ्या बागाईतदारांनी विसरू नये.

आणखी एक महत्त्वाची सूचना. खसखस आपल्या मसाल्यात सर्रास असते. परंतु संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया व सिंगापूर येथे ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली निषिद्ध आहे. आखाती देशांत खसखशीपायी प्रवाशांना तुरुंगात जावे लागले आहे. मुलीला घरचा काळा मसाला पाठवताना त्यात खसखस नाही याची खात्री करावी. न्यूझीलंडमध्ये खाद्यपदार्थ जाहीर न केल्यास तेथल्या तेथे ४०० न्यूझीलंड डॉलर दंड होतो. अमेरिका व ऑस्ट्रेलियातही दंडाची तरतूद आहे. पापड, कुरडया, शेव, लोणचे असे काहीही जवळ असेल तर अर्जावर "होय" अशीच खूण करावी. सांगितलेल्या वस्तूसाठी दंड होत नाही, फार तर ती वस्तू जाते.

निघण्यापूर्वी हे पाहा

• जमिनीत घातल्यास उगवेल अशी कोणतीही वस्तू परवाना व आरोग्य प्रमाणपत्राशिवाय आणू नका.
• बूट, अवजारे, टोपल्या यांना माती लागलेली नसावी.
• पदार्थ मूळ बंद पाकिटात व घरच्या वापरापुरते आणा.
• विचारण्याआधी स्वतः सांगा.
• नियम वेळोवेळी बदलतात. निघण्यापूर्वी त्या देशाचे व आपले चालू नियम पाहून घ्या. मुले तिकडे असतील तर त्यांना पाहायला सांगा.
• परदेशातून आलेली वस्तू घरात चुकून लावली गेली असेल आणि झाड वेगळे दिसत असेल, तर ते उपटून दुसरीकडे टाकू नका. पाल किंवा ममुराबाद येथील कृषी विज्ञान केंद्रास, धुळे जिल्ह्यात धुळे येथील केंद्रास ताबडतोब कळवा.

केळीच्या बागेत रोग शिरल्यावर तो कोणाच्या शेतातून आला याचा शोध लागत नाही. लागला तरी बाग परत उभी राहत नाही. एका शेतकऱ्याने आणलेल्या एका कंदाची किंमत साऱ्या शिवाराने का द्यावी? परदेशातून येताना मुलांसाठी खाऊ जरूर आणावा, पाहिलेल्या शेतीची माहिती आणावी, नवे विचार आणावेत. लागवडीचे साहित्य मात्र रीतसर मार्गानेच येऊ द्यावे.